शब्दयादी आणि वाचन : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहाच्या अध्ययनाचा ऐतिहासिक आढावा

सारांश

अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जी.आर.ई. परीक्षेत प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहाला दीर्घकाळ मध्यवर्ती स्थान राहिले आहे. मराठी माध्यमातून आलेला ग्रामीण विद्यार्थी या परीक्षेची तयारी बहुधा शब्दयादी पाठ करून करतो. ही पद्धत आजची नसून तिला मोठा पूर्वेतिहास आहे. शब्दयादी ही वाचनाच्या अभावावर शोधलेली तोड आहे, आणि परीक्षेचे स्वरूप बदलत गेले तसतशी ही तोड अपुरी ठरत गेली, हे प्रस्तुत निबंधात जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. प्रास्ताविक

पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावे आणि त्यांच्या पश्चिमेकडील घोडेगाव, जुन्नर, ओतूर ही शिक्षणकेंद्रे यांच्यामधून दररोज हजारो विद्यार्थी एस.टी.ने ये-जा करतात. पूर्वेकडे बागायती शेती, पश्चिमेकडे भीमाशंकर ते नाणेघाट असा पसरलेला आदिवासी पट्टा, अशी या परिसराची ढोबळ विभागणी सांगता येईल. याच परिसरात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली ही दुर्बीण जगभरातील खगोलशास्त्रज्ञ वापरतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाला परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात.

शेताच्या बांधावरून रोज दिसणाऱ्या या अँटेनांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी आपण एक व्हावे, अशी इच्छा एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात निर्माण होणे अगदी स्वाभाविक आहे. अंतराच्या दृष्टीने दुर्बीण त्याच्या घरापासून चार-सहा कोसांवर असते. परंतु परदेशी विद्यापीठाच्या वाटेने तेथवर जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अनेक वर्षे एक अट उभी होती, आणि काही विद्यापीठांत आजही आहे. आईवडिलांच्या बोलण्यात, गावच्या बाजारात किंवा शाळेच्या पुस्तकात कधीही न भेटलेले इंग्रजी शब्द त्याला आले पाहिजेत, ही ती अट होय.

ही अट न्याय्य आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. अशी अट या प्रदेशातील माणसाला प्रथमच घातली गेली आहे काय? आणि पूर्वी ती घातली गेली तेव्हा त्याने काय केले?

२. सत्तेची भाषा आणि कोशपरंपरा

जुन्नर हे फार प्राचीन काळापासून व्यापारी मार्गावरील नगर आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख प्राकृत भाषेत आहेत, तर मध्ययुगात येथील राज्यकारभाराची भाषा फार्सी होती. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली ती जुन्नरात. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला, तेव्हा दफ्तरातील लिखाणात फार्सी शब्दांचा भरणा होता. कारकुनी करू इच्छिणाऱ्याला ते शब्द आत्मसात करणे भाग होते.

राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडिताने राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. त्यात कारभारातील सुमारे चौदाशे फार्सी व दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने या कोशाची रचना लक्षणीय आहे. शब्द वर्णानुक्रमाने न देता दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत विभागलेले आहेत. किल्ल्याशी संबंधित शब्द एकत्र, लेखनाशी संबंधित शब्द एकत्र, अशी ती व्यवस्था आहे. पाठशाळांतून शतकानुशतके मुखोद्गत केल्या जाणाऱ्या अमरकोशाची रचनाही अशीच विषयवार आहे. म्हणजे पाठांतर होतेच. पण शब्द आपल्या सोयऱ्याधायऱ्यांसह लक्षात राहावा, अशी त्या पाठांतराची योजना होती.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इतके करूनही फार्सी शब्द मराठीतून गेले नाहीत. दफ्तर, फिर्याद, जमीन, हुकूम, एवढेच काय तर तालुका आणि जिल्हा हे शब्दही अरबी-फार्सीतून आलेले असून आज कोणाही शेतकऱ्याला ते परके वाटत नाहीत. ज्या शब्दाशी माणसाचे रोजचे काम जोडले गेले तो टिकला. कोशाने शब्दाची ओळख करून दिली. टिकविले ते व्यवहाराने.

३. मोल्सवर्थ, कँडी आणि मॅट्रिक

१८१८ नंतर सत्तेची भाषा पुन्हा बदलली. या बदलाची पहिली मोठी साधने म्हणजे कोशच होत. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. मोल्सवर्थ यांनी आरंभ केलेला व थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रकाशित झाला. यांपैकी पहिला कोश प्रामुख्याने मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या गरजेतून निर्माण झाला होता. दुसऱ्याचा लाभ मात्र इंग्रजी वाचू-लिहू पाहणाऱ्या मराठी माणसाला अधिक झाला.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उच्च शिक्षणाचे दार इंग्रजीच्या परीक्षेने उघडेल, ही व्यवस्था तेव्हापासून रूढ झाली. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. ही मंडळी मुंबईत एल्फिन्स्टनसारख्या संस्थेत शिकली. तेथे इंग्रज अध्यापक होते आणि ग्रंथालय होते. इंग्रजी शब्द त्यांना प्रथम भेटले ते ग्रंथांमध्ये, वाक्यांमध्ये, युक्तिवादामध्ये.

पुढच्या पिढीतील विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरणही याच प्रकारचे आहे. १८७४ मध्ये निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्र्यांनी इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्यावर विस्ताराने लिहिले. जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेच्या मराठी भाषांतरातही वडील कृष्णशास्त्री यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. जॉन्सनची लॅटिनप्रचुर, भारदस्त शब्दकळा हा त्या काळच्या इंग्रजी शिक्षित पुणेकराचा ‘प्रगत शब्दसंग्रह’ होता असे म्हणता येईल. तो त्याने ग्रंथ वाचून आणि त्याचे मराठी करताना झगडून कमावला होता.

परंतु मॅट्रिकचा प्रसार जसजसा झाला तसतसे चित्र पालटले. पुण्या-मुंबईबाहेरच्या विद्यार्थ्याजवळ ग्रंथालय नव्हते. त्याच्या हाती आली ती क्रमिक वाचनपुस्तके, त्यांवरील टिपा आणि अवघड शब्दांच्या अर्थांच्या वह्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झन यांच्या काळात नेमलेल्या १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने घोकंपट्टीवर टीका केली, आणि १९०४ चा विद्यापीठ कायदा त्यानंतर आला. टीका योग्य असली तरी तिच्यात एक बाब दुर्लक्षित राहिली. घोकंपट्टी हा विद्यार्थ्याच्या स्वभावातला दोष नव्हता. परीक्षा वाचनाची घ्यावयाची आणि वाचनाची साधने मात्र पुरवावयाची नाहीत, या विसंगतीतून ती जन्माला आली होती.

४. खाजगी अध्ययनाचा प्रश्न : फुले ते आंबेडकर

ही विसंगती अगदी आरंभीच ज्यांनी ओळखली त्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रणी होत. त्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाला जुन्नर तालुक्यातील शेतकरीवर्गातून पाठिंबा मिळाला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारी महसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, पण त्याच्या शिक्षणावर त्यातील अत्यल्प भाग खर्च होतो, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. या निवेदनातील प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वपरिचित आहे. त्यातील दुसऱ्या एका सूचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेसाठी खाजगी अध्ययनाला मान्यता दिली, याचे फुल्यांनी स्वागत केले आणि हीच सवलत बी.ए., एम.ए. यांसारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी अशी अपेक्षा व्यक्त केली.

या सूचनेचा अर्थ खोल आहे. ज्याला महाविद्यालयात बसणे परवडत नाही त्याने घरी अभ्यास करून पदवी मिळवावी, हा मार्ग त्यातून खुला होतो. पण घरी अभ्यास करावयाचा तर घरी पुस्तके हवीत. खाजगी अध्ययनाचा हक्क आणि ग्रंथांची उपलब्धता या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणातून हे प्रकर्षाने दिसते. त्यांचे वडील रामजी सकपाळ यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तके करून घेतली, असे चरित्रकार सांगतात. तर्खडकरांची पाठमाला मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजी वाक्याचे मराठी करण्यावर आधारलेली होती. म्हणजे शब्द वाक्यात योजूनच शिकावयाचा. एवढ्यावर रामजी थांबले नाहीत. मुलाला हवी ती पुस्तके आणण्यासाठी त्यांनी विवाहित मुलींकडून उसने पैसे घेतले, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण टाकले. याच मुलाने १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी प्रवेश केला. जी.आर.ई. तेव्हा अस्तित्वातही नव्हती. परंतु मराठी घरातून अमेरिकन विद्यापीठापर्यंत जाणाऱ्या वाटेवर काय लागते, याचे उत्तर या उदाहरणात आहे. पाठांतर लागते, भाषांतर लागते, आणि पदरमोड करून आणलेले ग्रंथ लागतात. यांतील केवळ पहिले उचलून पुढील दोन वगळले तर जे उरते त्यालाच आज आपण शब्दयादी म्हणतो.

५. जी.आर.ई. आणि साडेतीन हजार शब्द

जी.आर.ई. परीक्षेचा आरंभ १९३६-३७ मध्ये झाला. कार्नेजी प्रतिष्ठान आणि कोलंबिया, हार्वर्ड, प्रिन्सटन व येल ही चार विद्यापीठे यांच्या संयुक्त उपक्रमातून ती निर्माण झाली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेकडे पुढे तिचे संचालन आले. अमेरिकन महाविद्यालयांतून निघणाऱ्या पदवीधरांची तुलना करता यावी, हा मूळ उद्देश होता. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे आणि ज्याने महाविद्यालयात विपुल वाचन केलेले आहे, अशा विद्यार्थ्यासाठी अवघड शब्दांची चाचणी हे वाचन मोजण्याचे एक आडवळणाचे साधन होते. त्याला तो शब्द माहीत आहे, त्या अर्थी त्याने तशा प्रकारचे ग्रंथ वाचले असावेत, असे ते अनुमान होते.

१९६५ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतर भारतीय पदवीधरांचा ओघ वाढला आणि हे अनुमान ढासळले. भारतीय विद्यार्थ्याने ग्रंथ वाचून शब्द मिळविण्याऐवजी थेट शब्दच पाठ केले. बॅरन्सच्या मार्गदर्शक पुस्तकातील साडेतीन हजार शब्दांची यादी हे या तयारीचे प्रमुख साधन बनले. त्या काळच्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द ओळखणे आणि शब्दजोड्यांतील संबंध ओळखणे असे दोन प्रश्नप्रकार होते. दोन्हींत शब्द एकटा, वाक्याविना समोर येत असे. त्यामुळे यादी पाठ करणाऱ्याला गुण मिळत. परीक्षेला वाचन मोजावयाचे होते. प्रत्यक्षात ती चिकाटी मोजू लागली.

प्रस्तुत लेखकाने २०१० मध्ये ही परीक्षा दिली होती. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून घेतलेले जुने पुस्तक, त्यावर आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा, आणि रोज पन्नास शब्द असा नेम. परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे बहुतेक प्रश्न सुटले. उताऱ्यांवरील प्रश्नांनी मात्र दगा दिला. उताऱ्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा होता, पण लेखकाला काय म्हणावयाचे आहे आणि तो कोणाला उत्तर देतो आहे, हे ध्यानात येत नव्हते. गुणपत्रिका हाती आल्यावर बेत बदलला आणि पुढे एम.फिल. झाले. त्या वेळी हा वैयक्तिक उणेपणा वाटला होता. आज वर्गात शिकविताना त्याचे कारण अधिक स्पष्ट दिसते.

अलीकडे एका विद्यार्थिनीने इंग्रजी निबंधात आपल्या गावच्या पावसाला ‘लॅकॉनिक’ हे विशेषण लावले. तिच्या वहीत या शब्दापुढे ‘अल्प, थोडका’ असा अर्थ लिहिलेला होता आणि त्या वर्षी पाऊस खरोखरच थोडका झाला होता. अर्थ चुकला नव्हता, सोबत चुकली होती. हा शब्द बोलण्या-लिहिण्याबद्दल वापरतात. प्राचीन ग्रीसमधील स्पार्टा ज्या लॅकोनिया प्रांतात होते तेथील लोक मोजके बोलत, यावरून तो आला. एवढी कथा सांगितल्यावर ती म्हणाली, “सर, म्हणजे आमचे आजोबा लॅकॉनिक आहेत.” त्यानंतर हा शब्द तिला पुन्हा पाहावा लागला नसावा.

६. बाजारातील इंग्रजी आणि परीक्षेतील इंग्रजी

ग्रामीण विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द येत नाहीत, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ‘कॅरेट’ मोजले जातात. शेतात ‘ड्रिप’ आणि ‘मल्चिंग’ असते. द्राक्षबागायतदार ‘डाऊनी’ रोगाची चर्चा करतात आणि निर्यातीचा माल ‘रेसिड्यू’च्या तपासणीतून जाईल की नाही याची चिंता करतात. ‘रेसिड्यू’ हा शब्द प्रगत शब्दयाद्यांतही आढळतो. बागायतदाराच्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही. घरातल्या पैशाशी त्याचा संबंध आहे. फार्सी शब्दांच्या बाबतीत जे घडले तेच येथे घडताना दिसते.

अडचण निर्माण होते ती व्यवहारात शिकलेल्या शब्दाचा दुसरा अर्थ समोर आल्यावर. ‘सोसायटीचे कर्ज सँक्शन झाले’ हे वाक्य दोन्ही तालुक्यांत कोणालाही समजते. परंतु एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादल्या असे वाचले की विद्यार्थी गोंधळतो, कारण तेथे मंजुरीऐवजी निर्बंध हा अर्थ आहे. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे, हे स्पर्धा परीक्षांमुळे पक्के ठाऊक असते. एखादे विधान ‘क्वालिफाय’ करणे म्हणजे त्याला मर्यादा घालणे, हा अर्थ मात्र अपरिचित असतो. असे अर्थ यादीत क्वचितच पुढे येतात, कारण असा शब्द सोपा समजून यादीतून वगळलेला असतो. ते भेटतात वृत्तपत्रांच्या संपादकीयात, निबंधात, इतिहासग्रंथात.

शालेय धोरणाचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा लागतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजीचे अध्यापन आठवीपासून होत असे. पुढे ते पाचवीपासून सुरू झाले, आणि २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली, पण पाठ्यपुस्तकापलीकडचे इंग्रजी पुस्तक मुलाच्या हाती किती वेळा पडले, या बाजूने फारसा बदल झालेला अनुभवास येत नाही.

७. परीक्षेतील बदल

ऑगस्ट २०११ पासून जी.आर.ई.चे स्वरूप बदलले. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्या हे दोन्ही प्रकार वगळण्यात आले. त्यांच्या जागी वाक्यातील एक, दोन वा तीन रिकाम्या जागा भरणे, तसेच सहा पर्यायांतून वाक्याला समान अर्थ देणारे दोन शब्द निवडणे, असे प्रश्न आले. तीन जागांपैकी एक जरी चुकली तरी गुण मिळत नाही. शब्द आता वाक्याविना येत नाही आणि वाक्य युक्तिवादाविना येत नाही. गुणांकनही २०० ते ८०० ऐवजी १३० ते १७० असे झाले. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांहून कमी कालावधीची झाली असून तिच्या भाषिक भागात ४१ मिनिटांत २७ प्रश्न सोडवावे लागतात.

या बदलांचा ऐतिहासिक अर्थ असा की, परीक्षा आपल्या मूळ हेतूकडे परतली. यादीचा आडमार्ग तिने बहुतांशी बंद केला. ज्याच्या घरी, शाळेत, शहरात वाचनाची साधने होती त्याचे यात फारसे बिघडले नाही. ज्याच्या हाती केवळ यादी होती त्याचे एकमेव साधन मात्र बोथट झाले. सुधारणा शैक्षणिकदृष्ट्या योग्य असूनही तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही.

दुसरीकडे, कोविड साथीच्या काळात व नंतर अमेरिकेतील अनेक विभागांनी जी.आर.ई.ची सक्ती काढून टाकली वा ती ऐच्छिक केली. मार्च २०२० पासून ही परीक्षा घरून देण्याची सोयही झाली. त्यासाठी संगणक, अखंड इंटरनेट आणि बंद दाराची शांत खोली लागते. तीन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत असतील तर यांतील शेवटची अट सर्वांत अवघड. परीक्षेचे शुल्कही भारतात वीस हजार रुपयांहून अधिक आहे. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या तीन लाख एकतीस हजारांवर पोहोचली होती. त्यांत आपल्या परिसरातील विद्यार्थी असावेत असे वाटत असेल तर परीक्षेची सक्ती गेली म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात वाचावे लागणारे शोधनिबंध त्याच शब्दांत लिहिलेले असतात.

८. मराठीचे भांडवल

या विवेचनात मराठी माध्यमाकडे केवळ उणीव म्हणून पाहिले जाण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात मराठी विद्यार्थ्याजवळ एक भांडवल असते, ज्याचा उपयोग क्वचितच करून घेतला जातो. हृ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे निरनिराळ्या अर्थांचे शब्द होतात, हे तो शाळेत शिकलेला असतो. लॅटिन धातूंना उपसर्ग लागून बनलेले कंडक्ट, डिडक्ट, इंडक्ट हे शब्द याच पद्धतीने उलगडतात. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्यातील नात्याकडे लक्ष वेधले. त्या नात्यामुळे दंत आणि डेंटल, मृत आणि मॉर्टल, ज्ञान आणि कॉग्निशन हे शब्द एकमेकांचे दूरचे आप्त ठरतात. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चे पुस्तक धातूंच्या आधारे शब्द शिकविते म्हणून लोकप्रिय झाले. ही रीत आपल्या व्याकरणपरंपरेला नवीन नाही.

अर्थात व्युत्पत्तीलाही मर्यादा आहे. ‘एनर्व्हेट’ हा शब्द ऐकताच ‘एनर्जी’ आठवते आणि बळ देणे असा अर्थ मनात येतो. खरा अर्थ बळ काढून घेणे असा आहे. धातूवरून केलेला तर्क वाचनात पडताळून घ्यावाच लागतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.

(१) सत्तेची वा ज्ञानाची भाषा परकी असणे आणि तिच्या शब्दसंग्रहाची अट घातली जाणे, हे जुन्नर-आंबेगाव परिसराला नवे नाही. फार्सी दफ्तर, इंग्रजी मॅट्रिक आणि जी.आर.ई. या एकाच क्रमातील पायऱ्या होत.

(२) जुन्या कोशपरंपरेत पाठांतर असले तरी शब्द विषयवार, सहवासासह शिकविले जात. परीक्षेसाठीच्या याद्यांनी हा सहवास तोडला.

(३) शब्दयादी पाठ करणारा विद्यार्थी आळशी वा उथळ नसतो. ग्रंथालय नसलेल्या माणसाने स्वतःसाठी उभारलेले ते तात्पुरते ग्रंथालय असते. त्याला दोष देण्यापूर्वी खरे ग्रंथालय उपलब्ध करून देणे हे शिक्षणसंस्थेचे कर्तव्य ठरते.

(४) २०११ नंतरच्या परीक्षेत यादीचा उपयोग मर्यादित झाला असून वाचनाला पर्याय राहिलेला नाही.

या अनुषंगाने महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. प्रथम वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला एक इंग्रजी संपादकीय वा लेख वाचून त्याचा मराठीत गोषवारा लिहावा; तर्खडकरांच्या पाठमालेतील भाषांतराचे तत्त्व यात आपोआप येते. शब्दांची वही वर्णानुक्रमे न ठेवता शेती, न्यायव्यवहार, विज्ञान, स्वभाववर्णन अशा वर्गांनी ठेवावी आणि प्रत्येक शब्दापुढे तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे. ग्रंथालयाची वेळ शेवटच्या एस.टी.च्या वेळेशी जुळवावी, कारण पश्चिम पट्ट्यातील विद्यार्थ्याचे वाचन बहुधा तेथेच तुटते. हे काम केवळ इंग्रजी विभागाचे नसून इतिहास, विज्ञान आणि वाणिज्य विभागांनीही आपापल्या विषयातील इंग्रजी ग्रंथ वर्गात उघडले पाहिजेत.

रामजी सकपाळांनी मुलासाठी दागिने गहाण ठेवून पुस्तके आणली. त्या घटनेला आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील पालकांवर आज तशी वेळ येऊ नये, एवढी जबाबदारी महाविद्यालयांनी उचलणे अशक्य नाही. खोडदच्या दुर्बिणीपर्यंतची चार-सहा कोसांची वाट आपल्या विद्यार्थ्याला कशी चालता येईल, हा प्रश्न त्याच्या स्मरणशक्तीइतकाच आपल्या ग्रंथालयांचाही आहे.